नित्याचे चित्र : सराफा बाजाराच्या निमित्ताने

१

मराठी समीक्षेने 'चित्र' हा शब्द मोठ्या आवडीने वापरला आहे. आपण शब्दचित्र म्हणतो, व्यक्तिचित्र म्हणतो, कादंबरीतील समाजचित्रणाची चर्चा करतो. परंतु जे चित्र आज घरोघरी आहे, ज्याच्यावाचून लग्न पार पडत नाही, मुलाचे नाव शाळेत दाखल होत नाही आणि गेलेल्या माणसाची भिंतीवरची जागा ठरत नाही, त्या छायाचित्राचा विचार आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत क्वचितच होतो. झालाच तर तो प्रदर्शनांत मांडलेल्या, पारितोषिक मिळालेल्या छायाचित्रांचा होतो. रोजच्या व्यवहाराचे, कोणताही विशेष प्रसंग नसताना घेतलेले जे छायाचित्र, त्याला आम्ही येथे 'नित्याचे चित्र' म्हणतो. ते घ्यावे कसे, पाहावे कसे आणि त्याला कसोटी कोणती लावावी, हे प्रश्न अद्याप नीटसे मांडले गेलेले नाहीत. प्रस्तुत लेखात ते मांडण्याचा प्रयत्न आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आम्ही एकच स्थळ निवडले आहे : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील सराफा बाजार. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला. पुढे तळाचे शहर झाले, नाव मात्र 'लष्कर' असेच राहिले. फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावणी, गोरखी ही तेथील नावे आजही त्या मराठी वस्तीची आठवण देतात. महाराज बाड्याच्या चौकापासून जवळच हा सराफा आहे. दुतर्फा दागिन्यांची दुकाने, त्यांच्यावर जुन्या हवेल्यांचे कोरीव दगडी झरोके, झरोक्यांसमोरून गेलेल्या विजेच्या तारा आणि खाली गिऱ्हाइकांची व वाहनांची दाटी, असे त्याचे आजचे रूप आहे.

या बाजारात आम्ही काही वर्षे कॅमेरा घेऊन जात आलो आहो. तेथे घेतलेल्या चित्रांचे कौतुक करावे हा हेतू नाही. ती घेताना आणि पुढे ती इतरांस दाखवताना जे प्रश्न उभे राहिले, ते शिक्षकांपुढे व अभ्यासकांपुढे ठेवावेत, कारण अखेर ते वाङ्मयाचेही प्रश्न आहेत, असे आम्हांस वाटते.

२

ग्वाल्हेरचे चित्र म्हटले की प्रथम किल्ला डोळ्यांपुढे येतो. मानमंदिराची निळी नक्षी, सासबहूचे देऊळ, तेली मंदिराचे उत्तुंग शिखर ही दृश्ये आपण इतक्या वेळा पाहिली आहेत की प्रत्यक्ष किल्ल्यावर गेलेला माणूसही ओळखीच्या जागी उभे राहून ओळखीचेच चित्र घेतो. या सवयीचे मूळ बरेच जुने आहे. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस असलेले लाला दीनदयाळ यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली, आणि ती सर लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' या ग्रंथात आली. ग्वाल्हेरच्या किल्ल्याला त्यात मानाचे स्थान आहे. दीनदयाळांचे कसब वादातीत होते. दगडाचा पोत, सावलीची धार आणि वास्तूचा तोल यांविषयीची त्यांची जाण आजही थक्क करते.

मात्र त्या काळाविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८५८ पासून १८८६ पर्यंत ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजी फौजेच्या ताब्यात होता. ज्यांचा किल्ला ते शिंदे खाली लष्करात होते आणि किल्ल्यावर परकी शिबंदी होती. वास्तूच्या भव्य चित्रात ही गोष्ट येत नाही. दगड कोणाच्याही ताब्यात असला तरी सारखाच दिसतो. वास्तुचित्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही एकाच ठिकाणी आहेत : ते काळाच्या वर उठते आणि त्यामुळे काळाविषयी मौन पाळते.

त्या काळी बाजाराचे चित्र घेणे अवघड होते, हेही मान्य केले पाहिजे. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका वाहत्या रस्त्याचे चित्र घेतले. पत्र्यावर प्रकाश कित्येक मिनिटे पडू द्यावा लागत असल्याने त्यात हलणारे काहीच उमटले नाही. गाड्या गेल्या, घोडे गेले, माणसे गेली, आणि गजबजलेला रस्ता निर्मनुष्य दिसू लागला. राहिला तो फक्त जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा असलेला एक गृहस्थ. छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो कोणी राजा नव्हता, सेनापती नव्हता. रोजचेच एक काम करून घेत तो थांबला होता. नित्याचे जीवन छायाचित्रात प्रथम शिरले ते असे आडवाटेने.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचा अधिक संवेदनशील झाल्या, कॅमेरे हातात मावू लागले, आणि चालता माणूस टिपता येऊ लागला. तांत्रिक अडचण गेली, परंतु सवय उरली. आजही लष्करात आलेला प्रवासी सराफ्यात शिरला तर त्याचा कॅमेरा वर झरोक्याकडे वळतो. तारा चित्रात येऊ नयेत, पाट्या येऊ नयेत, स्कूटर येऊ नये म्हणून तो खटपट करतो. म्हणजे बाजारात उभे राहून तो बाजार वगळतो आणि किल्ल्याचेच चित्र पुन्हा घेतो.

असे चित्र सुंदर नसते असे नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांनी सौंदर्याची जी उपपत्ती मांडली, ती झरोक्याच्या चित्राला उत्तम लागू पडते. उजेड आणि सावली यांचा विरोध, कमानींचा संवाद, रिकाम्या जागेने साधलेला तोल हे सारे तेथे असते. आमचे म्हणणे इतकेच की नित्याच्या चित्राला लय आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. सराफाच्या हातातील तराजू, समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरील अपेक्षा आणि मागच्या पाटीवरील आजचा भाव यांचा परस्परसंबंध केवळ रेषांचा व छटांचा नसतो. तो व्यवहाराचा असतो, आणि तो अर्थ बाजूला सारला तर चित्रात पाहण्यासारखे फारच थोडे उरते.

३

माणसे चित्रात आली म्हणजे चित्र नित्याचे झाले, असेही म्हणता येत नाही. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ सरकारी पुढाकाराने लंडनला प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील जातिजमातींचे नमुने छायाचित्रांद्वारे दाखवणे हा त्याचा हेतू. त्यात माणसे पुष्कळ आहेत. परंतु ज्याचे चित्र आहे तो आपल्या नावाने क्वचितच तेथे आहे. तो आपल्या जातीचा, धंद्याचा, मुलखाचा प्रतिनिधी म्हणून उभा केला आहे. चित्राखालचा मजकूर त्याच्या स्वभावाविषयी निर्णय देतो, आणि त्या निर्णयाचा आधार तो माणूस नसून त्याचा वर्ग असतो.

ही दृष्टी सरकारी ग्रंथांबरोबर संपली असे समजण्याचे कारण नाही. 'कामात गढलेला वृद्ध सोनार', 'सुरकुतलेल्या चेहऱ्याची भाजीवाली', 'निरागस बालक' ही प्रदर्शनांतील ठराविक चित्रे तिचेच वारस आहेत. त्यांत तुच्छतेच्या जागी करुणा आली, एवढाच फरक. सोनाराच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि मुशीखालचा जाळ यांची सांगड घातली की चित्र तयार. तो सोनार कोण, तो काय घडवत होता, त्या दिवशी त्याला काम होते की नव्हते, हे विचारण्याची गरज ना घेणाऱ्याला वाटते ना पाहणाऱ्याला.

येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एका संकल्पनेचा विचार करणे उपयुक्त ठरेल. भट्टनायकाने रसास्वादाच्या मुळाशी साधारणीकरण मानले. रंगभूमीवरील शकुंतला अमुक काळची, अमुक राजाची पत्नी अशी राहत नाही. विशिष्टाचे पाश गळून पडतात आणि म्हणूनच प्रेक्षकाला रतीचा किंवा शोकाचा आस्वाद घेता येतो. छायाचित्राची अडचण अशी की त्यातील विशिष्टाचे पाश गळून पडत नाहीत. नटी शकुंतला होते, पण छायाचित्रातील बाई दुसरी कोणी होत नाही. त्या क्षणी त्या जागी ती होती आणि तिच्यावरून परावर्तित झालेल्या उजेडानेच चित्र उमटले, ही जाणीव पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही.

मग छायाचित्राने साधारण कसे व्हावे? नमुन्याचे चित्र यावर सोपा तोडगा काढते. ते विशिष्टाला पुसून टाकते, परंतु त्याच्या जागी रस निर्माण करत नाही. वर्ग तेवढा शिल्लक ठेवते. दुसरा मार्ग मराठी वाचकाला परिचित आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या संग्रहातील माणसे माणदेशाचे नमुने म्हणून उभी नाहीत. प्रत्येकाला नाव आहे, लकब आहे, त्याचे स्वतःचे असे एक दुःख आहे. त्या एकेकाच्या खरेपणामुळे माणदेश आपोआप उभा राहतो. विशिष्ट घट्ट धरून ठेवले असता सामान्यापर्यंत पोहोचता येते, याचा हा दाखला होय. छायाचित्राला हाच मार्ग मोकळा आहे, आणि आमच्या मते एवढाच मोकळा आहे. मराठी माणसाने घेतलेल्या छायाचित्रांत याचे उदाहरण हवे असेल तर संदेश भंडारे यांचे तमाशावरील काम पाहावे. फडातील माणसे त्यात रंगमंचाबाहेरही दिसतात, आणि त्यामुळे कलावंत हा केवळ नमुना राहत नाही.

सराफ्यातील एका चित्राचा येथे उल्लेख करतो. एका दुकानी एक बाई मोड घालण्यास आली होती. सोने विकायचे किंवा बदलून घ्यायचे, तर जुना डाग वितळवावा लागतो. त्याआधी त्याचा कस पाहिला जातो, वजन होते, डाक आणि मळ यांची वजावट सांगितली जाते. आम्ही परवानगी मागितली. तिने चेहरा नको म्हणून सांगितले, हात चालतील म्हणाली. त्या चित्रात काउंटरची काच आहे, लहानसा वजनकाटा आहे, काट्यावर बांगड्यांची जोडी आहे, आणि काचेवर टेकलेला तिचा हात आहे. मनगटावर बांगड्यांच्या जागी फिकट वर्तुळ उमटले आहे. इतक्या वर्षांनी ऊन न लागलेली ती त्वचा चेहऱ्यापेक्षा अधिक बोलते. तिच्या अटीमुळे चित्र उणे झाले नाही. कशाकडे पाहावे हे तिनेच सांगितल्यासारखे झाले.

या उदाहरणावरून आम्ही एक तत्त्व काढू इच्छितो. नित्याच्या चित्रात ज्याचे चित्र घ्यायचे त्याचा वाटा असतो. नमुन्याच्या चित्रात त्याची संमती अनावश्यक असते, कारण तो कोणीही असला तरी चालतो. 'हाच माणूस' असा आग्रह धरला की त्याची हरकतही चित्राचा भाग बनते. हा सभ्यतेचा प्रश्न आहेच, परंतु तो कलेचाही आहे.

४

छायाचित्राविषयीच्या आधुनिक विचारात 'निर्णायक क्षण' ही कल्पना फार प्रभावी ठरली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा इंग्रजी आवृत्तीला हे नाव मिळाले. मूळ फ्रेंच नाव निराळेच आहे. विनापरवाना रस्त्यावर माल मांडणारा आणि शिपाई दिसताच तो गुंडाळून पळणारा जो फेरीवाला, त्याच्या विक्रीच्या पद्धतीवरून ते घेतलेले आहे. म्हणजे मूळ नावात बाजार आहे, घाई आहे, थोडी चोरी आहे. इंग्रजी नावात मात्र भाग्याचा तो एक क्षण तेवढा राहिला. जगभरच्या होतकरू छायाचित्रकारांनी हे दुसरे नावच गुरुमंत्रासारखे घेतले.

त्या छायाचित्रकाराच्या श्रेष्ठतेविषयी शंका नाही. प्रश्न असा की बाजाराला निर्णायक क्षण असतो काय? सराफा रोज उघडतो. दुकानापुढे झाडलोट होते, गादीवर नवी चादर पडते, देवाला उदबत्ती लागते, पेढीवरची वही उघडते, पहिले गिऱ्हाईक येते. उद्याही हेच होणार. नित्याचे लक्षणच पुनरावृत्ती हे आहे. त्यातून एक क्षण उचलून त्याला निर्णायक ठरवणे म्हणजे नित्याला प्रसंगाचे रूप देणे होय. चित्र वेधक होईल. परंतु ते ज्याचे म्हणून दाखवले जाते, त्या रोजच्या जगण्याविषयी ते अपुरे राहील.

याला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी हे तंत्र अभ्यासले आणि गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला. १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र' काढण्यासाठी भांडवल मिळावे म्हणून, त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून महिन्याहून अधिक काळ दररोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर अंकुर फुटून रोप वाढताना दिसले. या लहानशा चित्रफितीतील कोणतेही एक चित्र सुटे काढले तर त्यात विशेष काही नाही; ते कुंडीचे चित्र आहे. त्यांचा अर्थ एकापुढे एक ठेवल्यावर प्रकट होतो. हिंदी चित्रपटसृष्टीच्या जनकाने आपली पात्रता सिद्ध करण्यासाठी युद्ध निवडले नाही, दरबार निवडला नाही. वाटाण्याचे रोप निवडले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

दुसरे उदाहरण पॅरिसचे. यूजेन अत्झे याने १८९८ च्या सुमारापासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या शहराच्या जुन्या गल्ल्या, दुकानांच्या काचा, दारांवरील कड्या, फिरते विक्रेते यांची हजारो चित्रे घेतली. आपल्या चित्रांना तो कलाकृती म्हणत नसे. चित्रकारांना उपयोगी पडणारी कागदपत्रे म्हणून तो ती विकत असे. जड कॅमेरा आणि काचा घेऊन तो त्याच त्याच भागांत पुन्हा पुन्हा गेला. त्याच्या मृत्यूनंतर बेरेनिस अॅबट या तरुण छायाचित्रकर्तीने त्याचा संग्रह विकत घेऊन जपला नसता, तर हे काम बहुधा विस्मृतीत गेले असते. आज आधुनिक छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचे नाव आरंभीच येते.

फाळक्यांचे रोप आणि अत्झेच्या गल्ल्या यांवरून आमचा निष्कर्ष असा : नित्याच्या चित्राचे एकक एक चित्र हे नसून फेरी हे आहे. त्याच दुकानासमोर वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी, लग्नसराईत आणि मंदीत, उभे राहावे लागते. धनत्रयोदशीचा सराफा कोणालाही टिपता येतो. त्यानंतरच्या आठवड्यातला ओस पडलेला सराफा टिपणारा मात्र त्याचा खरा जाणकार.

५

आता पाहणाऱ्याकडे वळू. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने आईच्या मृत्यूनंतर छायाचित्रावर एक पुस्तक लिहिले. ते १९८० साली प्रसिद्ध झाले. आईच्या सगळ्या चित्रांतून तिचे खरे रूप त्याला ज्यात सापडले ते तिच्या बालपणीचे, ती पाच वर्षांची असतानाचे चित्र होते. पुस्तकात इतर अनेक चित्रे छापलेली आहेत, हे मात्र त्याने छापले नाही. वाचकाला ते हजारो सामान्य चित्रांपैकी एक वाटेल, असे कारण त्याने दिले. येथे नित्याच्या चित्राच्या आस्वादातील मुख्य अडचण प्रामाणिकपणे मांडली आहे. असे चित्र ओळखीवर जगते, आणि ओळख प्रत्येकाला सारखी नसते.

बार्थचा निर्णय त्याच्या दुःखाला शोभणारा होता, पण तो सार्वत्रिक नियम म्हणून आम्ही स्वीकारू शकत नाही. रक्ताची ओळख देता येत नसली तरी स्थळाची, धंद्याची, काळाची ओळख शिकता येते आणि शिकवता येते. सराफ्याचेच पाहा. १८५८ साली ग्वाल्हेरच्या खजिन्याचे अधिकारी अमरचंद बांठिया यांनी राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या सैन्याला खजिन्यातून पैसा दिला, आणि त्याबद्दल इंग्रजांनी त्यांना याच बाजारात निंबाच्या झाडाला फाशी दिले. त्याच वर्षी फेलिचे बेआतो हा परदेशी छायाचित्रकार लखनौच्या उद्ध्वस्त इमारतींची चित्रे घेत होता. बांठियांच्या फाशीचे छायाचित्र मात्र आपल्यापुढे नाही. आज त्या जागी घेतलेल्या चित्रात दुचाक्या दिसतील, पाट्या दिसतील, चहाचा पेला घेऊन चाललेला पोऱ्या दिसेल. ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याला ती रहदारी आहे. ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने तीच रहदारी गंभीर होते, कारण शहराने त्या जागेवर पुन्हा आपला रोजचा व्यवहार मांडला आहे हे त्याला दिसते. चित्रात काहीही बदललेले नाही. पाहणारा बदलला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. अर्थ जर पाहणाऱ्याच्या माहितीतून येत असेल तर चित्राचे श्रेय काय? कोणतेही जुने, धूसर चित्र पुरेशा माहितीच्या जोरावर थोर ठरवता येईल. आक्षेप रास्त आहे. काळ प्रत्येक छायाचित्राला थोडे मोल आपोआप देतो. पन्नास वर्षांपूर्वीचे कोणतेही दुकान, कोणताही पोशाख आज मन गुंतवतो. या स्मरणरंजनाला आस्वाद समजणे ही नित्याच्या चित्राविषयीची सर्वांत सुलभ चूक होय. समीक्षकाने काळाने दिलेले मोल वेगळे काढून उरलेल्याचा कस पाहिला पाहिजे.

तो कस पाहण्यासाठी आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पहिला : चित्रात अशी एखादी गोष्ट आहे काय, जी त्या जागेवाचून आणि त्या माणसावाचून दुसरीकडे असू शकली नसती? मनगटावरचे फिकट वर्तुळ हे तसे आहे. सुरकुतलेला चेहरा तसा नाही. दुसरा : चित्रातील वस्तूंचे परस्परांशी नाते दिसते काय? तराजू, हात आणि भावाची पाटी एकाच चौकटीत असणे पुरेसे नाही. हाताचा तराजूशी काय संबंध, हे डोळ्याला कळले पाहिजे. तिसरा : चित्रातील माणूस ते चित्र पाहील तेव्हा त्याला मान खाली घालावी लागेल काय? पहिला प्रश्न विशिष्टाचा, दुसरा लयीचा, तिसरा शीलाचा. जे चित्र तिन्ही प्रश्नांना उतरते ते नवे असले तरी चांगले, आणि जे एकालाही उतरत नाही ते शंभर वर्षांचे असले तरी केवळ जुने.

आणखी एक गोष्ट मात्र या कसोटीला जोडावी लागते. सोनाराच्या दुकानातील केर फुकट जात नाही. झारेकरी तो विकत घेतो, धुतो, गाळतो, आणि त्यातून सोन्याचे कण काढतो. झारेकऱ्याला प्रत्येक दुकानाचा केर सारखा नसतो. कोठे काय काम चालते हे त्याला माहीत असते. नित्याच्या चित्रांच्या ढिगाकडे पाहताना समीक्षकाच्या अंगी ही वृत्ती असावी. केराला सोने म्हणू नये, आणि धुतल्यावाचून तो टाकूही नये.

६

हा विचार आज निकडीचा का वाटतो, ते सांगून लेख पुरा करतो.

ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात. लष्करातील मराठी वस्तीचा दरबारी आधार गेला. पुष्कळ घरांतील पुढची पिढी नोकरीनिमित्त दूर गेली. या घरांच्या पेट्यांतून छायाचित्रांचे अल्बम आहेत. वाड्याच्या चौकात नऊवारी नेसून बसलेल्या बायका, गणपतीच्या आरासीपुढची मुले, हार्मोनियमभोवती जमलेली मंडळी, सराफ्यातून नुकत्याच आणलेल्या पाटल्या घालून स्टुडिओत उभी राहिलेली नवी सून अशी ती चित्रे. ज्या ग्वाल्हेरीत भास्करराव तांब्यांनी घरगुती जिव्हाळ्याला कवितेत मानाचे स्थान दिले आणि जेथे १९४१ साली त्यांनी देह ठेवला, तेथील घरगुती जीवनाची ही प्रत्यक्ष कागदपत्रे आहेत. पण बहुतेक चित्रांच्या पाठीवर काही लिहिलेले नसते. ओळखणारी शेवटची म्हातारी गेली की नऊवारीतील बाई 'जुन्या काळची मराठी स्त्री' होते. म्हणजे नमुना होते. सरकारी ग्रंथाने परक्या दृष्टीने जे केले, ते आपण आपल्याच आजीला केवळ आळसाने करतो. मग वाडा विकला जातो आणि अल्बम रद्दीत जातो.

आजच्या काळाची अडचण उलट बाजूची आहे. मोबाइलमुळे प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आला आणि रोज घेतल्या जाणाऱ्या चित्रांना गणती राहिली नाही. चित्रे विपुल झाली, पाहणे विरळ झाले. कागदावर उमटवलेल्या एका चित्राभोवती पूर्वी सारे घर बसत असे. आज शेकडो चित्रे बोटाच्या एका झटक्यासरशी डोळ्यांपुढून सरकतात. ज्याच्यावर नाव नाही, तारीख नाही, जागा नाही अशा चित्रांचा हा साठा उद्याच्या अभ्यासकाला जुन्या अल्बमाहून अधिक मुका वाटेल.

या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे आणि तो वाङ्मयाच्या हातात आहे. छायाचित्राला शब्दांची जोड द्यावी लागते. 'सुवर्णनगरीची झळाळी' असली भरजरी शीर्षके आमच्या मनात नाहीत. कोण, कोठे, केव्हा, काय चालले होते, आणि चौकटीबाहेर काय होते, इतके साधे पाच-दहा ओळींचे गद्य पुरे. असे गद्य लिहिणे सोपे नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको. जे दिसते त्याहून अधिक लिहायचे नाही आणि जे ठाऊक आहे ते वगळायचे नाही, ही शिस्त निबंधलेखनाच्या कोणत्याही पाठापेक्षा कमी मोलाची नाही.

म्हणून शाळा-महाविद्यालयांतील मराठीच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. विद्यार्थ्यांना घरातील एक जुने छायाचित्र आणावयास सांगावे. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून त्यातील प्रत्येकाचे नाव, नाते, जागा आणि शक्य तर साल मऊ पेन्सिलीने पाठीवर लिहवून घ्यावे. आणि मग त्या चित्रावर एक पान लिहावयास सांगावे. दुसरे चित्र त्यांनी स्वतः घ्यावे, आपल्या गावच्या बाजारातील एकाच ठिकाणचे, वर्षातून चार वेळा, माणसांना विचारून. ग्वाल्हेरच्या मुलाने सराफ्यातील एखाद्या दुकानासमोर उभे राहावे, कोल्हापूरच्या मुलाने गुजरीत, पुण्याच्या मुलाने मंडईत. चार चित्रे आणि चार पाने एकत्र ठेवली की बाजाराचे वर्ष दिसू लागेल, आणि ते दाखवणाऱ्याला पाहणे म्हणजे काय याची थोडी ओळख झालेली असेल.

अकादमीसारख्या संस्थांनी असे अल्बम आणि अशी पाने जपण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. हस्तलिखिते जपावीत हे आपण आता मान्य केले आहे. छायाचित्राच्या पाठीवरील पेन्सिलीची ओळ हेही एक हस्तलिखितच आहे. लष्करातील अनेक घरांत ती ओळ सांगू शकणारे माणूस आज हयात आहे. त्याच्याकडे कागद-पेन्सिल घेऊन जाण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावयास हवे.